मांत्रिकाने विष उतरवलं, असं म्हणण्याआधी

पाऊस लागला की सर्पदंश वाढतात, आणि त्याच सुमारास एक मजकूर मोबाइलवरून मोबाइलवर फिरू लागतो. गावाचं नाव बदलतं, मांत्रिकाचं बदलतं, सांगणं तेच राहतं. अमक्याला पान लागलं, म्हणजे साप चावला, तो निपचित पडला, देवळात नेलं, मांत्रिकाने मंत्र टाकला आणि तासाभरात माणूस चालत घरी गेला. त्याखाली आणखी काही: दवाखान्यात नेलेला मात्र दगावला. कडुलिंबाचा पाला चाखायला दिला की विष चढलंय का ते कळतं, गोड लागला तर चढलंय. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. आणि शेवटी, आधी मांत्रिक करा, मग हवं तर दवाखाना. दोन्ही केलं तर बिघडतं कुठे?

हे लिहिणारे बहुधा खोटं बोलत नसतात. माणूस देवळात नेला होता, आणि तो वाचला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. प्रश्न फक्त पुढचा आहे: देवळात नेलं नसतं तर तो मेला असता का? हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि त्याची किंमत फार मोठी आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मांडला. यातली बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी.

आता "तासाभरात चालू लागला" हे घेऊ. आपल्याकडे सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत आणि माणसाचे बहुतेक मृत्यू चौघांमुळे होतात: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. धामण, दिवड, तस्कर, कवड्या हे बिनविषारी. त्यातला कवड्या अंधारात मण्यारसारखाच दिसतो, म्हणून "मण्यारच होती" ही खात्रीही डळमळीत. विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. कोरडा दंशही होतो. म्हणजे चावल्यानंतर काहीही न करता बरी होणारी माणसं भरपूर असतात, आणि ती मांत्रिकाकडे गेली की मांत्रिकाच्या खात्यावर जमा होतात.

पण मग तो निपचित का पडला होता? भीतीने. साप चावला या धसक्याने श्वास भराभर चालतो, बोटांना मुंग्या येतात, दरदरून घाम सुटतो, भोवळ येते. ज्याच्यावर विश्वास आहे त्या माणसाने जवळ बसून धीर दिला की हे सगळं ओसरतं. मांत्रिकाने इथे खरोखर काहीतरी केलेलं असतं, हे मान्य करायला हवं. त्याने भीती उतरवली. विष आत गेलंच नव्हतं.

याहून फसवा प्रकार आवळलेल्या दोरीचा. साप चावल्याबरोबर दंशाच्या वर दोरी, फडकं, कधी सायकलची ट्यूब करकचून बांधतात. थोड्या वेळात पाय सुजतो, काळानिळा पडतो, बधिर होतो. हे सगळं दोरीने रक्त अडवल्यामुळे झालेलं असतं, साप धामण असला तरी होईल. घरचे मात्र म्हणतात, विष चढतंय. मग मांत्रिक मंत्र म्हणत दोरी सैल करतो. रक्त वाहू लागतं, रंग परततो, पायाला जाण येते, आणि भोवतीची माणसं हात जोडतात. दुखणं दोरीने दिलं, दोरी सोडल्यावर गेलं, श्रेय मंत्राला मिळालं. आणि साप खरंच विषारी असेल तर हीच दोरी पायाचं मांस सडवू शकते, आणि ती सोडताना अडलेलं विष एकदम अंगात पसरू शकतं.

"दवाखान्यात नेलेला दगावला" हा मुद्दा सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतो आणि मला तो सगळ्यात क्लेशदायक वाटतो. दवाखान्यात कोण पोचतं ते पाहा. ज्याच्या पापण्या जड झाल्या, ज्याला गिळता येईना, ज्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तो. ज्याला काहीच झालं नाही तो देवळातूनच घरी जातो. गंभीर रुग्ण एका दारात आणि किरकोळ दुसऱ्या दारात गेल्यावर पहिल्या दारात मृत्यू जास्त दिसणारच. त्यात त्या गंभीर रुग्णाचे आधीचे कित्येक तास देवळातच गेलेले असू शकतात. तो वाटेत किंवा वॉर्डात गेला की नोंद दवाखान्याच्या नावावर होते. मांत्रिकाच्या हातून वाया गेलेला वेळ कुठल्याच वहीत लिहिला जात नाही. "आमच्याकडे एकही दगावला नाही" हा त्याचा दावा म्हणूनच शब्दशः खराही असू शकतो, कारण दगावायची वेळ आली की तो म्हणतो, आता घेऊन जा.

पाल्याच्या परीक्षेबद्दल थोडक्यात. घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, नाग आणि मण्यारच्या विषाने नसांकडून स्नायूंना निरोप पोचेनासा होतो. कडुलिंब गोड लागण्याशी यातल्या कशाचाही संबंध नाही.

एक आक्षेप मात्र खरा वजनदार आहे: मग दवाखान्यातल्या प्रतिविषाच्या, म्हणजे विषाला उतारा म्हणून देतात त्या इंजेक्शनलाही हेच लागू होत नाही का? तेही दिलं, नंतर माणूस बरा झाला, एवढंच ना? बरोबर, एवढंच असतं तर तेही सिद्ध झालं नसतं. म्हणून तर तपासून पाहावं लागतं. ते कसं, याचं उदाहरण विंचवाचं घेऊ. लाल विंचवाच्या दंशावर आयुष्यभर काम केलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी पाहा. सारख्याच तीव्रतेचे ७० रुग्ण, चिठ्ठी टाकावी तसे दोन गटांत वाटलेले. प्रॅझोसिन हे औषध दोन्ही गटांना मिळालं; एका गटाला सोबत विंचवाचं प्रतिविषही. दहा तासांत पूर्ण बरे झालेले प्रतिविषाच्या गटात ३५ पैकी ३२, दुसऱ्या गटात ३५ पैकी ८. कुणाला काय द्यायचं हे चेहरा पाहून ठरवलेलं नव्हतं, म्हणून हा फरक प्रतिविषाचा आहे असं म्हणता येतं.

सापाच्या बाबतीतही खाटेशेजारी करता येणारी परीक्षा आहे. काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाचं विष अंगात आहे. प्रतिविष दिल्यावर सहा तासांनी तीच परीक्षा पुन्हा होते. इथे उत्तर "नाही" येऊ शकतं, आणि आलं तर उपचार बदलतो. मंत्र फसला असं दाखवणारी कुठली परीक्षा मांत्रिकाने कधी मान्य केली आहे?

पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभवही याच वाटेने जमलेला आहे. वाचलेले गोष्ट सांगायला उरतात, गेलेले नाहीत.

राहिलं "दोन्ही केलं तर काय बिघडतं?" वेळ बिघडतो. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, दाताचा व्रणही धड दिसत नाही. पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात, आणि हे कित्येक तासांनीही सुरू होऊ शकतं. तोवर मांत्रिकाने "उतरलं" म्हणून घरी पाठवलेलं असतं. श्वास थांबायच्या आत कृत्रिम श्वास मिळाला तर असा रुग्ण वाचतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं गुन्हा ठरवलं आहे, ते याचसाठी.

तेव्हा साप मारायला धावू नका. जोडवी, अंगठी, बांगड्या काढा, चावलेला अवयव फळीला हलकेच बांधून स्थिर ठेवा, दोरी आवळू नका, चिरू नका, चोखू नका, वेळ लक्षात ठेवा आणि १०८ ला फोन करा. काही त्रास नसला तरी २४ तास दवाखान्यात देखरेखीखाली राहू द्या. घरच्यांची मांत्रिकावर श्रद्धाच असेल तर त्यालाही गाडीत घ्या. त्याचा धीर वाटेत उपयोगी पडेल, फक्त गाडी देवळापाशी थांबवू नका.