बायोगॅस सिलिंडरात भरून जनरेटर चालवा म्हणे!

मामा ऐरोलीला सोसायटीच्या कमिटीवर आहेत. त्यांनी तो फिरणारा मेसेज मला पाठवला आणि खाली विचारलं, "सिलिंडरचं आपल्याकडे जमेल का रे?" म्हणून लिहितोय. मेसेज असा: ओल्या कचऱ्याचा गॅस करा, फ्रीजच्या कॉम्प्रेसरने जुन्या घरगुती सिलिंडरात भरून ठेवा, लाइट गेली की पाइप जनरेटरच्या एअर फिल्टरला लावा. डिझेल शून्य, इंजिनचं आयुष्य दुप्पट.

सिलिंडरचं आधी, कारण यात माणूस जाईल. एलपीजी थोड्याशा दाबाने पातळ होतो, म्हणजे द्रव बनतो, म्हणून १४.२ किलो मावतो. बायोगॅसमध्ये जळतं ते मिथेन, आणि ते उणे ८२ अंशांच्या वर कितीही दाब द्या, पातळ होतच नाही. त्याच ३३ लिटरच्या सिलिंडरात एलपीजीइतक्या दाबाने भरलात तर आत जेमतेम पाव घनमीटर गॅस, म्हणजे पाव लिटर डिझेलइतकीही ताकद नाही! एवढ्यासाठी कॉम्प्रेसर लावायचा, आणि त्याने हवा आत ओढली तर स्फोटक मिश्रण तयार. वर बायोगॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो, सडक्या अंड्याचा वास येतो म्हणून लोक निर्धास्त असतात, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, वास थांबतो आणि माणूस कोसळतो. बेसमेंटच्या बंद जनरेटर रूममध्ये रात्री वॉचमन एकटा असतो, त्याचा विचार केलाय कोणी?

डिझेल शून्य हेही खोटं. डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतो, दाबलेल्या गरम हवेत डिझेल आपोआप पेटतं. मिथेनला आपोआप पेटायला डिझेलच्या दुपटीहून जास्त तापमान लागतं. जर्मनीच्या जीटीझेड या सरकारी विकास संस्थेचं बायोगॅस इंजिनांवरचं १९८८ चं मॅन्युअल आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की पेटवण्यापुरतं १०-२० टक्के डिझेल ठेवावंच लागतं. पूर्ण गॅसवर हवं तर डिझेल फवारणारं नोझल काढून स्पार्क प्लग बसवा, कॉम्प्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते ते) १०-१२ वर आणा, मग ते इंजिन डिझेलवर चालणार नाही.

आता ड्युअल फ्युएल, म्हणजे डिझेल आणि गॅस दोन्हींवर एकत्र चालवणं, खरं आहे, ते मान्य. डिझेलवर स्टार्ट करायचं, हवेत गॅस मिसळणाऱ्या मिक्सरमधून गॅस सोडायचा, इंजिनचा वेग सांभाळणारा गव्हर्नर आपणहून डिझेल कमी करतो. मोठ्या गोठ्यावर, जिथे इंजिन रोज तासन्तास भरलोडवर चालतं, तिथे चांगली बचत होते. सोसायटीत लिफ्ट आणि पॅसेजचे दिवे, लोड कमी, त्यामुळे बराच गॅस न जळताच सायलेन्सरमधून बाहेर.

आयुष्य दुप्पट वगैरे काही नाही. सल्फाइड काढला नाही तर ऑइल आम्लधर्मी होतं, बेअरिंग आणि बुश खातं.

आणि मामा, दीडशे घरांचा शंभर किलो ओला कचरा धरला तरी रोजचा गॅस साधारण चार-पाच लिटर डिझेलच्या तोडीचा. तो रोज तयार होणार, ऐरोलीत लाइट काही रोज जात नाही. प्लांट करायचाच असेल तर बीएआरसीचं (भाभा अणुसंशोधन केंद्राचं) ओल्या कचऱ्यापासून गॅस करायचं निसर्गऋण तंत्र बघा, गॅस कमी दाबाच्या बलूनमध्ये ठेवून जवळच्या एखाद्या किचनला द्या. तिथे शेगडीच्या जेटचं भोक मोठं करावं लागतं, इंजिन उघडावं लागत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज टाकला असेल तर आधी डिलीट करा.