आत्मा विकला, मिळाली द्राक्षं

ख्रिस्तोफर मार्लोच्या 'डॉक्टर फॉस्टस' या इंग्रजी नाटकाबद्दल जिथे-तिथे एकच वाक्य वाचायला मिळतं: ज्ञानाच्या हव्यासापायी एका विद्वानाने सैतानाला आत्मा विकला. मला हे मुळात पटतच नाही.

पहिलाच प्रवेश काढून बघा. जर्मनीतल्या विटेनबर्गचा हा पंडित फॉस्टस अभ्यासिकेत एकेक पुस्तक उचलतो आणि बाजूला टाकतो. अ‍ॅरिस्टॉटलचं तर्कशास्त्र कशाला, वाद तर आपण जिंकतोच. गेलनचं वैद्यक कशाला, त्याने मेलेला माणूस काही उठत नाही. जस्टिनियनचा कायदा म्हणजे पोटार्थ्यांची हमाली. मग बायबल उघडतो, 'पापाचे वेतन मरण आहे' एवढं वाचतो आणि तेही मिटून ठेवतो. त्याच वचनाच्या पुढच्या अर्ध्या भागात देवाच्या कृपादानाचं आणि सार्वकालिक जीवनाचं सांगितलंय, ते वाचायचे कष्टसुद्धा हा घेत नाही. अर्ध्या वाक्यावर पुस्तक मिटणाऱ्याला कसली आली ज्ञानाची भूक? याला धाक हवाय. राजांचा हुकूम आपापल्या मुलखापुरता, जादूगाराची सत्ता मात्र माणसाचं मन पोचेल तिथवर, असं तो स्वतःच्या तोंडाने सांगतो.

हे कुठून येतं तेही नाटकात आहे. फॉस्टस हलक्या कुळातला. शिकून डॉक्टर झाला, नाव झालं, पण सत्ता जन्माने मिळणाऱ्यांच्याच हातात. मार्लो स्वतः कँटरबरीच्या एका जोडे शिवणाऱ्याचा मुलगा, शिष्यवृत्तीवर केंब्रिजला शिकलेला, 1593 मध्ये डेटफर्डला सुरा लागून मेला तेव्हा 29 वर्षांचा. ही चरफड त्याला परकी असेल असं मला वाटत नाही.

आता जादू. फॉस्टस मंडल काढतो, लॅटिन मंत्र म्हणतो, मेफिस्टोफिलिस नावाचा सैतानाचा दूत हजर होतो आणि स्वारी खूश: काय ताकद आहे माझ्या मंत्रात! मेफिस्टोफिलिस तिथल्या तिथे सांगतो की बाबा, तुझ्या मंत्राने मी आलो नाही. कुणी देवाच्या नावाची विटंबना करताना ऐकू आलं की आम्ही आपणहून धावतो, आत्मा हाती लागेल या आशेने. शिवाय मी सैतानांचा राजा ल्युसिफर याचा चाकर, त्याच्या परवानगीशिवाय तुझं काही करू शकत नाही. म्हणजे करारावर रक्ताने सही होण्याआधीच कळलंय की मंत्रात दम नाही आणि समोरचा हुकमाचा ताबेदार आहे. तरी हा सही करतो! मुदत 24 वर्षं, मग आत्मा ल्युसिफरचा.

बेत काय होते? जर्मनीभोवती पितळेची भिंत, ऱ्हाइन नदी वळवून विटेनबर्गला वेढा, गरीब विद्यार्थ्यांना रेशमी कपडे, पार्माच्या राजपुत्राला हाकलून देणं. प्रत्यक्षात काय केलं? अदृश्य होऊन पोपच्या पुढ्यातलं ताट पळवलं आणि त्याच्या कानाखाली वाजवली. एका सरदाराच्या डोक्यावर शिंगं उगवली. एका घोडेवाल्याला 40 नाण्यांना घोडा विकला, तो पाण्यात नेताच त्याचा गवताचा भारा झाला. आणि व्हॅनहोल्टच्या गरोदर डचेसला ऐन जानेवारीत द्राक्षांचे डोहाळे लागले, ते पुरवले. कुठून आणलीत म्हणून ड्यूक विचारतो, तर उत्तर साधं भूगोलाचं: इथे हिवाळा असतो तेव्हा पृथ्वीच्या दुसऱ्या भागात उन्हाळा असतो, उदाहरणार्थ हिंदुस्थानात. (नाशिककरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.) राजांवर हुकमत गाजवायला निघालेला माणूस राजांच्या जेवणानंतरच्या करमणुकीचा कलाकार झाला, आणि डचेस बक्षीस देईन म्हणाली तर वाकून आभार मानतो.

हे मधले प्रवेश फालतू आहेत, मार्लोचे नसावेत, असं म्हणून ते उडवायची जुनी पद्धत आहे. संशयाला जागा आहे खरी. 1602 मध्ये, म्हणजे मार्लो गेल्यावर, हेन्स्लो या नाट्यगृहाच्या मालकाने या नाटकात भर घालण्यासाठी दोन लेखकांना 4 पौंड दिल्याची नोंद त्याच्या रोजनिशीत आहे, आणि 1604 व 1616 च्या छापील प्रतींत बराच फरक आहे. पण डचेसची द्राक्षं आणि गवताचा घोडा दोन्हींत आहेत. हात कुणाचाही असो, नाटकाला ते हवेच आहेत. ते काढले की उरतो एक भव्य पापी आणि त्याचा भव्य शेवट, आणि फॉस्टसला स्वतःबद्दल नेमकं असंच वाटत असतं.

सुरुवातीला त्याचा नोकर वॅग्नर एका भुकेल्या विदूषकाला चिडवतो, की तू तर कच्च्या मटणाच्या तुकड्यासाठी सैतानाला आत्मा देशील. विदूषक म्हणतो, छे हो, एवढा महाग सौदा करायचा तर मटण नीट भाजलेलं हवं, वर चांगला रस्सा हवा. अख्ख्या नाटकात कराराच्या अटींवर घासाघीस करायचं सुचलेला हा एकटाच! प्रयोगाची लांबी कमी करायचीच असेल तर ट्रॉयच्या सुंदर हेलनला बघून फॉस्टस करतो ते भाषण कापा, ते तसंही लोकांना पाठ आहे. मटण राहू द्या.