‘दोन पाने वाचून डॉक्टरांना शिकवू नका’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

दाढ काढण्यापूर्वी दवाखान्यात काय पाहावे आणि काय विचारावे, यावर मागच्या आठवड्यात मी लिहिले होते. त्यावर जळगाव जिल्ह्यातील एका दंतवैद्यांनी सविस्तर प्रतिक्रिया पाठवली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : माझ्या लेखात ऑटोक्लेव्हची, म्हणजे दाबाखालच्या वाफेने हत्यारे निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची, वेळ चुकली आहे, तालुक्याच्या गावी जे दर मिळतात त्यात पुण्या-मुंबईचे निकष परवडत नाहीत, उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, त्यांच्या गुरूंनी चाळीस वर्षे हत्यारे उकळून काम केले आणि कुणाला काही झाले नाही, आणि शेवटी, ‘आपल्यासारख्यांनी दोन पाने वाचून डॉक्टरांना शिकवू नये, रुग्णांच्या मनात विष कालवू नये.’

डॉक्टरसाहेब, आधी चुकीचे बोलतो. मी १२१ अंशांना १५ मिनिटे असे सरसकट लिहिले होते. पाउचमध्ये बंद केलेल्या किंवा कापडात गुंडाळलेल्या हत्यारांना साध्या ऑटोक्लेव्हमध्ये त्याच तापमानाला ३० मिनिटे लागतात, आणि ती वेळ तापमान चढल्यानंतर मोजायची असते. आपण दाखवून दिलेत, मी लेखात दुरुस्ती केली आहे, त्याबद्दल आभार. मात्र ही चूक आपल्याला सापडली ती मी वेळ कमी सांगितली म्हणून. म्हणजे खरा नियम माझ्या लेखापेक्षाही कडक आहे, एवढे आपणच सिद्ध केलेत.

आता ‘दोन पाने वाचून’ या शब्दांकडे येतो, कारण प्रामाणिकपणे सांगायचे तर मला तेच लागले. मी डॉक्टर नाही, हे मी कधी लपवले नाही. पण मी एकतीस वर्षे खान्देशातील एका साखर कारखान्यात बॉयलरवर काढली आहेत. परवाना परीक्षा देऊन मिळवला होता. वाफ म्हणजे काय, दाब म्हणजे काय आणि काटा माणसाला कसा फसवतो, हे मी भट्टीसमोर उभे राहून शिकलो. त्यासाठी मला पाने वाचावी लागली नाहीत. एका हंगामात पॅनची, म्हणजे साखर शिजवायच्या मोठ्या भांड्याची, वायू बाहेर काढणारी नळी तुंबली होती. वाफेचा दाब काट्यावर बरोबर दिसत होता, नोंदवहीतही बरोबर लिहिला जात होता, पण पॅन तापेना. पाळी संपत आली तेव्हा नळी उघडून पाहिली. अडकलेल्या हवेने वाफेची जागा घेतली होती आणि आम्ही सगळे काट्याकडे पाहत बसलो होतो.

आपल्या टेबलावरच्या ऑटोक्लेव्हमध्ये हेच घडते. झाकण लावून हवा पुरती बाहेर जाऊ न देता तोटी बंद केली, तर काटा १५ पौंड दाखवतो. पण आत निम्मी हवा उरली असेल तर तापमान १२१ ऐवजी ११२ अंशांच्या आसपासच राहते. चिवट जंतूंचे बीजाणू, म्हणजे उष्णतेला सहज दाद न देणारे त्यांचे कवचबंद रूप, तेवढ्याने मरतील याची खात्री कुणी देऊ शकत नाही. हवा पोकळ हत्यारांत सर्वांत हट्टाने अडकते, आणि दात कोरण्याचे हँडपीस आतून पोकळच असते; म्हणून त्यासाठी आधी हवा ओढून घेणारे यंत्र चांगले म्हणतात. पाउचवरची रंग बदलणारी पट्टी पाउच तापले एवढेच सांगते. आतले जंतू मेले की नाही हे पाहायला बीजाणूंची चाचणी असते आणि ती आठवड्यातून एकदा करावी, अशी शिफारस आहे. हे विचारणारा रुग्ण विष कालवतो असे आपण म्हणता. मग आमच्याकडे वर्षाला बॉयलर तपासायला येणारे निरीक्षकही विषच कालवत होते काय? त्यांनी ‘ही तोटी उघडून दाखवा’ म्हटल्यावर आम्ही कधी अपमान मानला नाही. उघडून दाखवली.

लेख लिहायला कारण काय घडले, तेही सांगतो. सौ.ची दाढ दुखत होती म्हणून आम्ही तालुक्याच्या एका दवाखान्यात गेलो. तिच्या आधीच्या रुग्णाच्या तोंडातून निघालेले हँडपीस मदतनीस मुलाने स्पिरिटच्या बोळ्याने पुसले आणि परत त्याच हुकाला अडकवले. नळीच्या तोंडाशी गुलाबी पाण्याचा एक थेंब लोंबत होता. मी तीन फुटांवर होतो, मला भास झालेला नाही. ते यंत्र थांबते त्या क्षणी समोरचे पाणी, लाळ, रक्त थोडे आत ओढले जाऊ शकते. बाहेरून पुसून आतले निघत नाही. मी विचारले तर तो पोरगा म्हणाला, ‘पुसी टाकं ना काका, काय व्हस त्याले?’ त्याचा दोष नाही, त्याला कुणी शिकवलेच नव्हते. डॉक्टरांनी मात्र मला बाहेर बसायला सांगितले. आम्ही उठून आलो.

नंतर धुळ्याला गेलो. तिथल्या बाईंनी सौ.ला खुर्चीत बसवून तिच्या डोळ्यांदेखत पाउच फाडले, पट्टीचा बदललेला रंग दाखवला, हँडपीस जोडून अर्धा मिनिट पाणी नुसते सोडून दिले आणि मग काम सुरू केले. मी न विचारता. त्यांचा दर ऐकून माझ्या पोटात गोळा आला नाही, म्हणून दराच्या मुद्द्यावर मी अधिक बोलत नाही.

विजेचेही थोडक्यात. मध्येच वीज गेली तर चक्र पुन्हा पहिल्यापासून चालवायचे असते, राहिलेली मिनिटे जोडायची नसतात. गॅसवर चालणारे कुकरसारखे ऑटोक्लेव्हही मिळतात, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

आपल्या गुरूंबद्दल मी वावगे बोलणार नाही, त्यांच्या काळात त्यांनी होते ते केले. पण ‘कुणाला काही झाले नाही’ हे आपण कशावरून म्हणता? काविळीचा विषाणू हिपॅटायटिस बी अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसायला एक ते सहा महिने लागू शकतात, आणि कित्येकांत ती दिसतही नाहीत. हा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागातही किमान सात दिवस तग धरतो. पोळ्याला दाढ काढलेल्या शेतकऱ्याला संक्रांतीला कावीळ झाली, तर तो ती दाढेशी जोडील काय? तो झाडपाला घेईल आणि आपल्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे काहीच लिहिले जाणार नाही. उलट, एखाद्याची कावीळ अमुक दवाखान्यातूनच आली असेही मी म्हणत नाही, कारण ते मला सिद्ध करता येणार नाही. म्हणूनच लेखात मी त्या दवाखान्याचे नाव दिले नाही. नाव का लपवले, असेही आपण खोचून विचारले आहे. त्याचे उत्तर हे. मी तिथे फक्त एक दुपार पाहिली आहे.

आपल्या पत्रातील पाच-सहा वाक्यांत ‘आपल्यासारखे’ हा शब्द तीनदा आला आहे. मी आपल्या वडिलांच्या वयाचा असेन, तरी तो मी सोडून देतो. मात्र आपल्या दवाखान्यात बीजाणूंची चाचणी शेवटची केव्हा झाली आणि प्रत्येक रुग्णानंतर हँडपीस ऑटोक्लेव्हमध्ये जाते की नाही, एवढ्या दोनच गोष्टी आपण लिहिल्या असत्या तर मला हे सगळे लिहावे लागले नसते. अजूनही लिहा, मी ते याच जागी, शब्दही न बदलता छापीन. दवाखाना दाखवायची तयारी असेल तर मला दिवस कळवा. सौ.ची उजवीकडची दाढ अजून बाकी आहे, तिला घेऊनच येतो.