गाडीला कसली मेझुझा?

फॅमिली ग्रुपवर सकाळपासून भाच्याच्या नव्या गाडीचे फोटो आणि खाली मज़ल टोवचा, म्हणजे अभिनंदनाचा पाऊस. सगळं छान, पण दाराशेजारी आतून डबल टेपने चिकटवलेली ती चकचकीत प्लास्टिकची डबी बघून माझं डोकंच फिरलं. आपण ज्यू घराच्या दाराच्या चौकटीला मेझुझा लावतो, म्हणजे तोरा या आपल्या धर्मग्रंथातल्या वचनांची गुंडाळी घातलेली डबी. आणि ही म्हणे कार मेझुझा! वर शिन हे हिब्रू अक्षर आणि आत काय, तर छापील कागदावर प्रवासाची प्रार्थना.

अरे, मेझुझा म्हणजे आतली क्लाफ, कातड्यावर सोफेरने, म्हणजे धार्मिक मजकूर लिहिणाऱ्या लेखनिकाने, हाताने लिहिलेल्या 22 ओळी, 713 अक्षरं, त्यातलं एक जरी चुकलं किंवा तडकलं तरी ती बाद. सात वर्षांत दोनदा तपासायची. आणि तोरात लिहिलंय घराच्या चौकटीवर, वेशीवर. जहाजातल्या खोलीलासुद्धा लागत नाही, मग ह्युंदाईला कुठून लागणार?

आमचे बाबा रेवदंड्याहून इथे इस्रायलला आले आणि आयुष्यभर दिमोना ते एलात ट्रक चालवला, तो आराव्याच्या वाळवंटातला रस्ता ज्यांनी बघितलाय त्यांना कळेल. ट्रकमध्ये काही लटकवलं नाही. शहर सुटलं की प्रवासाची प्रार्थना पुटपुटायचे, बस. कोणी विचारलं तर म्हणायचे, "मी ट्रकात राहत नाही, घरी राहतो." घरी मात्र बाथरूम सोडून प्रत्येक दाराला मेझुझा, तीही उसनवारी करून, कारण खरी क्लाफ तेव्हाही स्वस्त नव्हती.

हो, डबीतली प्रार्थना खरी आहे, तालमूद या आपल्या जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथातली आहे, मान्य. कॅरव्हॅनमध्येच कायम राहणाऱ्यांबद्दल रब्बींचे वाद आहेत, तेही मान्य. पण हा तर त्या गाडीत झोपतही नाही! मेझुझाचा ताईत करणाऱ्यांना रांबाम या थोर ज्यू धर्मपंडिताने आठशे वर्षांपूर्वीच झापलंय. लिंबू-मिरचीला हसणारे आपलेच लोक डबीला हात लावून ओठांना लावतात आणि मग हायवेवर 140 ने सुटतात. बाबांचा ट्रक नव्वदच्या वर गेलेला मी तरी बघितला नाही.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं तर भाच्याचं उत्तर, "मावशी, चिल." नंतर ताईचा फोन आला. पोरगा मिलुईमवरून, म्हणजे राखीव सैनिकाच्या ड्युटीवरून, रात्री-अपरात्री एकटा गाडी चालवत येतो, तो दारात दिसेपर्यंत तिला झोप लागत नाही, म्हणून डबी तिनेच आणली होती. आता यावर मी काय बोलणार. आईसुद्धा बाबा येईपर्यंत अशीच एलियाहू हनबी या आपल्या प्रेषिताच्या फोटोसमोर बसून असायची. राहू दे ती डबी, प्रार्थनेची डबी म्हणून.

पण ताईला विचारलं, पोराच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये किती मेझुझा आहेत? एकच, मेन डोअरला, तीही आधीच्या भाडेकरूची! बेडरूम कोरी, किचन कोरं. इथे भाड्याच्या घरालाही पहिल्या दिवसापासून लागते रे बाबा, आणि ती जुनी कोणी कधी तपासली देव जाणे. इथे बेर्शेवा शहरात कोणाला भरवशाचा सोफेर माहीत असेल तर इनबॉक्स करा. दोन क्लाफा मी घेतेय, पैसे त्याच्याकडून वसूल करणार.