फोर्स इंडियाला ‘नावालाच इंडिया’ म्हणणाऱ्यांना

फॉर्म्युला वन या मोटार शर्यतींचा विषय निघाला की विजय मल्ल्यांच्या फोर्स इंडिया या संघाबद्दल एक मजकूर हमखास मोबाइलवर येतो. ‘फोर्स इंडिया नावालाच इंडिया. कायम शेपटाला राहिली, दरवर्षी ड्रायव्हर बदलले, भारतीय ड्रायव्हर एकही घेतला नाही, कारण तेवढ्या ताकदीचा कोणी नव्हताच, आणि शेवटी मल्ल्यासोबत बुडाली.’ यातलं एक वाक्य खरं आहे आणि तेच सगळ्यात जास्त सलतं. बाकीच्यांत तथ्य नाही.

शेपटाचं आधी घेऊ. २००८ च्या पहिल्या हंगामात संघाला एकही गुण मिळाला नाही, हे खरं. पण त्याच वर्षीची मोनॅकोची शर्यत ज्यांनी पाहिली, त्यांना ते शून्य वेगळं दिसतं. ओला रस्ता, आणि मागून सुरुवात केलेला फोर्स इंडियाचा आद्रियन सुटिल चौथ्या क्रमांकावर. शर्यत संपायला काही मिनिटं उरलेली. बोगद्यातून बाहेर पडून ब्रेक लावताना किमी रायकोनेनची फेरारी घसरली आणि थेट सुटिलच्या गाडीवर मागून आदळली. सुटिल गॅरेजमध्ये परतला तो रडतच.

पुढच्या वर्षी बेल्जियममधलं स्पा. संघाच्या जियानकार्लो फिसिकेलाने पोल, म्हणजे सर्वांत पुढून सुरुवात करायची जागा, मिळवली. अपघातानंतर सगळ्यांना सावकाश पुढे नेणारी सेफ्टी कार आत गेल्यावर रायकोनेनने केर्सच्या जोरावर त्याला गाठलं. केर्स म्हणजे ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा साठवून लागेल तेव्हा जादा ताकद देणारी यंत्रणा. फोर्स इंडियाच्या गाडीत ती नव्हती. तरीही फिसिकेला शेवटच्या फेरीपर्यंत मागे चिकटून राहिला आणि शर्यत अवघ्या ०.९३९ सेकंदाने गेली. २०११ मध्ये संघ सहावा आला, २०१५ मध्ये पाचवा. २०१६ आणि २०१७ मध्ये १७३ आणि १८७ गुणांसह चौथा. पुढे फक्त मर्सिडीज, रेड बुल आणि फेरारी. विल्यम्स, मॅकलॅरेन, रेनॉ हे मागे. याला शेपूट म्हणायचं तर मैदानात उरतं कोण?

ड्रायव्हर दरवर्षी बदलले, हे तर मोजून पाहता येतं. २००८ ते २०१८ या अकरा हंगामांत शर्यतीत उतरलेले ड्रायव्हर सात: सुटिल, फिसिकेला, लिउझी, डी रेस्टा, हल्केनबर्ग, पेरेझ, ओकॉन. फिसिकेला मध्येच गेला, कारण स्पाची ती शर्यत संपताच फेरारीने त्याला बोलावून घेतलं. हल्केनबर्ग एका वर्षासाठी सॉबरकडे गेला आणि परत आला. पेरेझ तर २०१४ पासून शेवटपर्यंत हलला नाही.

आता खरं वाक्य. हो, फोर्स इंडियाच्या नावाने एकही भारतीय ड्रायव्हर शर्यतीत उतरला नाही. २०११ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली ग्रां प्री झाली. केशरी-पांढऱ्या-हिरव्या गाड्यांत एक जर्मन आणि एक स्कॉटिश ड्रायव्हर बसलेला, आणि आपला नारायण कार्तिकेयन एचआरटी या स्पॅनिश संघाच्या गाडीत. ती खंत माझ्या मनातून आजही जात नाही. पण ‘तेवढ्या ताकदीचा कोणी नव्हताच’ हे जे पुढे जोडलं जातं, ते चूक. कार्तिकेयन २००५ मध्ये जॉर्डनकडून धावला होता. जॉर्डनचा झाला मिडलँड, मिडलँडचा स्पायकर आणि स्पायकरचा फोर्स इंडिया. म्हणजे इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनच्या त्याच संघाची गाडी भारतीयाने चालवली होती, फक्त संघाच्या नावात तेव्हा इंडिया नव्हतं.

आणि ज्या मालिकेत देशाची गाडी त्याच देशाच्या ड्रायव्हरने चालवायची असा नियम होता, त्या ए-वन ग्रां प्रीमध्ये भारताचा संघ होता. करुण चंडोक, अरमान इब्राहिम, पार्थिव सुरेश्वरन आणि कार्तिकेयन त्यात आळीपाळीने धावले. सगळ्या देशांना गाड्या सारख्याच, त्यामुळे पैशांची सबब नाही. तिथे कार्तिकेयनने डिसेंबर २००७ मध्ये चीनमधल्या झुहाईची आणि मे २००८ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅचची मुख्य शर्यत जिंकली.

राहिलं बुडणं. मल्ल्यांची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही. किंगफिशरच्या कर्मचाऱ्यांच्या थकलेल्या पगाराचा हिशेब कुठल्याही पोडियमने फिटत नाही. पण संघ बुडाला नाही. जुलै २०१८ मध्ये पेरेझने, ज्याचे स्वतःचेच पैसे संघाकडे अडकले होते, लंडनच्या कोर्टात जाऊन संघ प्रशासकाच्या ताब्यात द्यायला लावला, म्हणजे टाळं न लागता तो विकता येईल. चारशेहून अधिक लोकांच्या नोकऱ्या वाचल्या. नव्या मालकांच्या हाती जाताना आधीचे ५९ गुण रद्द झाले. पुन्हा शून्यापासून सुरुवात, आणि तीही स्पालाच. पेरेझ पाचवा, ओकॉन सहावा. हंगामाअखेर संघ सातवा.

आणखी एक गोष्ट त्या मजकुरात कधीच नसते. २०११ मध्ये फोर्स इंडियाने देशभरातून कार्टिंग, म्हणजे छोट्या गाड्यांच्या शर्यती, करणारी मुलं शोधली. त्यातून निवडलेल्या तिघांत मुंबईचा जहान दारूवाला होता. ६ डिसेंबर २०२० ला बहरीनच्या साखीर सर्किटवर त्याने फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीवरच्या फॉर्म्युला टूमधली आपली पहिली शर्यत जिंकली. त्याच दिवशी, त्याच ट्रॅकवर, पहिल्या फेरीत धक्का लागून शेवटी फेकल्या गेलेल्या पेरेझने सगळ्यांना मागे टाकत त्या जुन्या फोर्स इंडियाच्या, तेव्हाच्या रेसिंग पॉइंटच्या, गुलाबी गाडीत ग्रां प्री जिंकली.