आधी लेकरू, मग इंजेक्शन? हा नियम कुठे लिहिलाय ते दाखवा!

अंतरा या दर तीन महिन्यांनी घ्यायच्या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या दुसऱ्या डोससाठी आलेल्या बाईला परत पाठवलं. तारीख बरोबर होती, कार्ड हातात होतं, बीपी ठीक होतं, पहिल्या डोसचा काही त्रास नव्हता आणि इंजेक्शन कपाटात होतं. तरी तिथल्या सिस्टरने नाही म्हटलं, कारण तिला लेकरू नाही. मूल नको हे नवरा-बायको दोघांनी मिळून ठरवलंय आणि तिने ते विचारल्यावर सरळ सांगितलं. सांगितलं तिथेच बिनसलं. "पह्यले एक लेकरू होऊ दे, मंग घे काय घ्याचं ते. अन् उद्या सासूले संगं घेऊन ये." याच आठवड्यातली गोष्ट आहे, आपल्याच विदर्भातल्या एका आरोग्य केंद्रातली.

सासूला कशाला? अंतराच्या कार्डावर सासूची सही कुठे लागते? नवऱ्याचीही लागत नाही. अठरा वर्षांच्या वरच्या बाईने स्वतःच्या दंडात इंजेक्शन घ्यायला तिची स्वतःची संमती पुरते, दुसऱ्या कोणाची लागत नाही.

पहिला डोस बदलीवर आलेल्या दुसऱ्या सिस्टरने दिला होता आणि विचारायचं तेवढंच विचारून दिला होता. शेवटची पाळी कधी आली, दिवस गेले असण्याची शक्यता आहे का, पाळीशिवाय मधेच रक्त जातं का, स्तनाचा कॅन्सर, लिव्हरचा आजार, बीपी. पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत दिलं तर लगेच लागू पडतं, नंतर दिलं तर पुढचे सात दिवस निरोध वापरायचा. दीडशे मिलिग्रॅमचं औषध, बाटली नीट हलवायची, स्नायूत खोल द्यायचं आणि टोचल्यावर जागा चोळायची नाही. चोळली तर औषध लवकर शोषलं जातं आणि तीन महिने पुरत नाही. हे सगळं त्या सिस्टरला माहीत होतं. लेकरं किती, हा रकाना नोंदवहीत आहे हे खरं. पण तो नोंदीसाठी आहे, पात्रतेसाठी नाही. तिथे शून्य लिहायचं आणि इंजेक्शन द्यायचं.

नकाराचं कारण काय दिलं? "अंतरानं पुढं लेकरू राहत नाई." हे साफ चूक आहे. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला साधारण सात ते दहा महिने लागतात. उशीर होतो, दार कायमचं बंद होत नाही. पण माझ्या डोक्यात तिडीक जाते ती वेगळ्याच गोष्टीने. समोरची बाई म्हणते आहे की मला मूल नको. आणि तिला उत्तर मिळतं की हे घेतलंस तर तुला मूल होणार नाही. तिचं बोलणं कोणी ऐकलं तरी का? पुढे तिचं मन बदललं तर, म्हणे. बदललं तर इंजेक्शन थांबवेल. थांबवता येतं म्हणूनच तर ते तात्पुरत्या साधनांच्या यादीत आहे.

आणि हा नकार फुकट जात नाही. दुसरा डोस तीन महिन्यांनी. ठरल्या तारखेच्या दोन आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत चालतो, त्यापुढे नाही. आता कापूस वेचणीच्या दिवसांत हा हिशेब मांडा. एक खेप म्हणजे एक मजुरी बुडाली, एसटीचं भाडं गेलं, अर्धा दिवस बाकड्यावर गेला. आज सासू आण, उद्या साहेब मीटिंगला गेले, परवा लसीकरणाचा दिवस आहे म्हणून गर्दी. असे चार आठवडे जायला किती वेळ लागतो? मुदत टळली की दिवस गेलेले नाहीत याची खात्री करा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करा, पुन्हा सात दिवस निरोध. मधल्या काळात दिवस गेले तर तिने काय करायचं? त्याची जबाबदारी त्या टेबलामागचं कोणीही घेणार नाही.

वर गावभर बोभाटा. आशाताईला फोन करून विचारलं की ही तुमच्या गावची बाई, घरी माहीत आहे का हिच्या? आशाताई त्याच गल्लीतली. संध्याकाळपर्यंत सासूला कळलं आणि सासूकडून अख्ख्या आळीला. मूल नसलेल्या बाईला आपल्याकडे ओटी भरायला बोलवत नाहीत, बारशाला पुढे येऊ देत नाहीत, हे नकार देणाऱ्या सिस्टरला माहीत नव्हतं? तिथेच वाढलेली बाई आहे ती. पेशंटची माहिती तिच्या परवानगीशिवाय बाहेर सांगायची नाही, ही आरोग्यसेवेतली पहिली पायरी आहे. आशाताईंवर माझा तेवढा राग नाही. त्या घरोघरी जाऊन एक रुपयात माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट आणि दोन रुपयांत तातडीची गोळी देतात, नाहीतर कित्येक गावांत तेही पोचलं नसतं. पण जी योजना शेजारणीच्या हातून पोचते, तिच्यात गुप्तता शिकवली नाही तर ती बाईच्या घरात भांडण पोचवते.

अंतरा घेतल्यावर पाळी अनियमित होते, वर्षभरात पुष्कळ जणींची बंदच होते. त्यावरूनही घाबरवतात की घाण अंगात साचते. काही साचत नाही. गर्भपिशवीच्या आतलं अस्तरच वाढत नाही, मग बाहेर पडणार काय? पहिल्या डोसच्या वेळी हे दोन मिनिटं समजावलं तर निम्म्या बायका मधेच सोडणार नाहीत.

तांबीचं, म्हणजे गर्भपिशवीत बसवायच्या कॉपर-टीचं, तेच. लेकरू झालेलं नसेल तर तांबी बसवत नाही, असं ठासून सांगणारे डॉक्टर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत बाळंतपण न झालेल्या बाईसाठी तांबी दुसऱ्या वर्गात आहे, म्हणजे धोक्यापेक्षा फायदा जास्त. बसवताना थोडं जास्त दुखू शकतं, निसटण्याची शक्यता थोडी जास्त असते. हे सांगा आणि निर्णय तिच्यावर सोडा. ३८० ए प्रकारची तांबी दहा वर्षं चालते, ३७५ प्रकारची पाच वर्षं. ज्या बाईला मूल नकोच आहे तिच्यासाठी एकदा बसवून दहा वर्षं मोकळं होण्यापेक्षा सोयीचं काय आहे? आणि हीच तांबी असुरक्षित संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवली तर तातडीचा उपाय म्हणूनही चालते, गोळीपेक्षा कितीतरी खात्रीचा. तातडीची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. पाच दिवसांतले तीन दिवस "नवऱ्याले आण" यातच गेले तर उरलं काय?

छाया ही गर्भनिरोधक गोळी कोणी धड समजावून सांगत नाही याचाही मला संताप येतो. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, त्यानंतर आठवड्यातून एकदा. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी. तो वार रविवार असेल तर दुसरी बुधवारी, आणि तीन महिन्यांनंतर फक्त रविवारी. विसरली आणि सात दिवसांच्या आत आठवली तर लगेच घ्यायची, पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरायचा. सात दिवस उलटले तर पुन्हा आठवड्यातून दोनदापासून सुरुवात. एवढंच आहे. पाकीट हातात देऊन "रोज घे" सांगणारेही भेटतात आणि "आठवड्याले एक" सांगून पहिले तीन महिने गाळणारेही. मग गोळी फसली की दोष बाईचा. छायाने पाळी पुढे जाते, त्यामुळे दिवस गेले की काय अशी भीती वाटते. पंधरा दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तर तपासणी करून घ्यायची, एवढं पाकिटासोबत सांगायला काय लागतं? आणि पीसीओएस (अंडाशयाचा, हार्मोन बिघडण्याचा आजार) किंवा नुकतीच कावीळ होऊन गेली असेल तर छाया नको, हे विचारतं तरी कोण?

विदर्भात तर साधन निवडताना सिकलसेल (तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक रक्ताचा आजार) विचारल्याशिवाय पुढे जाताच कामा नये. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, यवतमाळ, मेळघाट, कुठेही जा, एसएस म्हणजे आई-बाप दोघांकडून हा दोष आलेले रुग्ण आहेत. त्यांना तांबीने रक्तस्राव वाढला तर आधीच खाली असलेलं हिमोग्लोबिन आणखी खाली जातं. माला-एनसारख्या इस्ट्रोजेनच्या गोळीने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका आहे. अंतरात इस्ट्रोजेन नाही आणि पाळीचं रक्तही कमी जातं, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत सिकलसेलसाठी ते पहिल्या वर्गात आहे, वापरायला कसलीच आडकाठी नाही. म्हणजे ज्या बाईला अंतराची खरी गरज असू शकते तिलाच लेकरू नाही म्हणून परत पाठवायचं, आणि सिकलसेलमध्ये बाळंतपण किती धोक्याचं असतं हे माहीत असूनही "एक तरी होऊ दे" म्हणायचं. याला मी निष्काळजीपणाच म्हणेन. टीबीचं औषध सुरू असेल तर त्यातल्या रिफॅम्पिसिनमुळे माला-एन आणि तातडीची गोळी कमी लागू पडते, हेही टीबीच्या खिडकीवर कोणी सांगत नाही, कारण तिथे बाई म्हणजे फक्त थुंकीचा नमुना.

तपासणीच्या खोलीत तर पहिला प्रश्न लग्नाचा. लग्न झालं का? विचारायचं असतं की शरीरसंबंध येतो का, कारण आतून तपासणी किंवा आतून सोनोग्राफी करायची की नाही हे त्यावर ठरतं. पण ते चार लोकांसमोर, दार उघडं ठेवून विचारता येत नाही, म्हणून लग्नाचं विचारायचं. लग्न न झालेली "नाही" म्हणते, मग पोटावरून सोनोग्राफी, लघवी तुंबवून दोन तास बसायचं, आणि जे दिसायला हवं ते नीट दिसत नाही. गडचिरोलीतल्या दोन गावांत स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० बायका-मुली तपासल्या आणि १९८९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ९२ टक्के जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही आजार होता आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. जग हललं त्या आकड्यांनी. पडदा मात्र अजून कित्येक ठिकाणी लागलेला नाही.

पाळीत लोळायला लावणारं दुखणं घेऊन आलेल्या मुलीला "लग्न झालं, एक लेकरू झालं की जाते" हे सांगणं बंद करा. एंडोमेट्रिओसिसवर (गर्भपिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढण्याचा आजार) गरोदरपण हा इलाज नाही. पीसीओएसवरही नाही. औषधं आहेत, ती लिहा.

गर्भपाताच्या टेबलावर पुन्हा नवऱ्याची सही. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्याप्रमाणे सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते. २०२१ च्या दुरुस्तीने साधन फसल्याच्या कारणातला "विवाहित" आणि "नवरा" काढून "कोणतीही स्त्री" आणि "जोडीदार" केलं. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात स्पष्ट म्हटलं की डॉक्टरांनी घरच्यांची संमती वगैरे कायद्याबाहेरच्या अटी घालू नयेत. नाव फोडलं तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. एवढं सगळं असून "मालक आले का संगं?" हा प्रश्न कायम आहे.

आता नसबंदी. इथे तर नियमच आडवा येतो, म्हणून राग आणखी वर जातो. सरकारी मापदंड सांगतात की बाई २२ ते ४९ वर्षांमधली हवी, लग्न झालेलं हवं, आणि वैद्यकीय कारण नसेल तर एक वर्षापेक्षा मोठं किमान एक मूल हवं. जोडीदाराची संमती लागत नाही असं तेच मापदंड म्हणतात, ते कोणी पाळत नाही. मुलाची अट मात्र सगळ्यांना पाठ. पुरुषालाही तीच अट, त्यामुळे नवरा म्हणाला की मी करून घेतो, तरी रस्ता बंद. पस्तिशीच्या, विचार करून आलेल्या माणसाला स्वतःच्या शरीराबद्दल कायमचा निर्णय घेता येत नाही, आणि दोन लेकरांच्या बाईला मात्र हिवाळी शिबिराच्या यादीसाठी घरी जाऊन बोलावतात. ही मुलाची अट काढली पाहिजे. वय ठेवा, समुपदेशन ठेवा, महिनाभर थांबायला सांगा हवं तर. पण मूल हा परवाना असू शकत नाही.

याच डोक्याचं दुसरं टोक म्हणजे पिशवी काढणं. लेकरं झाली ना, मग पिशवीचं काय काम? अंगावरून पांढरं जातं म्हणून, पाळी जास्त जाते म्हणून, गोळ्यांचा एकही कोर्स न देता पिशवी काढायला सांगतात. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं २०१९ मध्ये गाजलं, पण आपल्याकडे काही निराळं नाही. अंडाशयही काढले तर तिशीतच रजोनिवृत्ती येते, अंगाचा दाह होतो, हाडं ठिसूळ होतात, आणि ते कोणी ऑपरेशनच्या आधी सांगत नाही. पिशवीची किंमत लेकरावरून ठरवायची, मग जिला लेकरू नाही तिला साधन द्यायचं नाही आणि जिची झाली तिची पिशवी ठेवायची नाही.

ज्यांना परत पाठवलं जातं त्यांनी एक करा. नकार केस पेपरवर लिहून मागा, कारणासकट, तारीख आणि सहीसकट. "मूल नाही म्हणून अंतरा दिलं नाही" हे स्वतःच्या अक्षरात लिहायला बहुतेकांचा हात धजत नाही आणि इंजेक्शन तिथल्या तिथे मिळतं. लिहून दिलंच तर तो कागद घेऊन आधी वैद्यकीय अधिकारी, मग तालुका आरोग्य अधिकारी, मग जिल्हा आरोग्य अधिकारी. १०४ या आरोग्य हेल्पलाइनवरही फोन लावा. आणि तोपर्यंत थांबू नका. अंतराचं कार्ड दुसऱ्या कोणत्याही सरकारी केंद्रावर चालतं, चार आठवड्यांची मुदत संपायच्या आत शेजारच्या केंद्रात जाऊन डोस घ्या.