रेंदिले उंटपाळांनी वाळवंट केलं, हे खरं नाही

‘भटके पशुपालक दिशाहीन हिंडतात, मिरवायला जनावरं वाढवतात, रान ओरबाडून वाळवंट करतात, त्यांना एका जागी वसवा, सगळं सुधारेल,’ असा मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. उत्तर केनियातले रेंदिले पाहिले की तो कोसळतो.

दिशाहीन? तुर्काना सरोवर आणि मार्साबित डोंगर यांच्यामधल्या या मुलखात पाऊस अपुरा, त्यातही तुटक: एका खोऱ्यात हिरवळ, शेजारी धूळ. म्हणून कुटुंब वाटून राहतं. बायका, म्हातारी माणसं, लहान मुलं आणि थोडी दुभती जनावरं वस्तीवर. बाकीचे उंट घेऊन तरुण दूरच्या तळांवर, ज्यांना ते ‘फोरा’ म्हणतात. उंट दहा दिवसही पाण्यावाचून काढतो, शेळ्यांना दोन-चार दिवसांत पाणी लागतं, त्यामुळे त्यांचे तळही वेगळे. याला भटकणं नाही, नियोजन म्हणतात.

मिरवणं तर नाहीच. उंटीण सुमारे 13 महिने गाभण राहते, दोनेक वर्षांत एक पिल्लू देते. दुष्काळात अर्धा कळप गेला तर भरून यायला कैक वर्षं लागतात. म्हणून हाताशी जास्त जनावरं हवीत. शिवाय मादी उंट दुसऱ्याकडे सांभाळायला देण्याची रीत आहे. त्यामुळे एकाच ठिकाणी सगळं बुडत नाही आणि ज्याचं गेलं त्यालाही दूध मिळतं.

आता वाळवंटाचा आरोप, जो मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. 1970 च्या दशकातल्या दुष्काळानंतर विहिरी, मिशन आणि मदतीचं धान्य यांच्याभोवती लोक कोर, कार्गी इथे स्थिरावले. त्याच दशकात युनेस्कोने या भागात अभ्यास हाती घेतला. जमीन उघडी पडलेली दिसली ती मुख्यतः अशा वस्त्यांभोवती: तिथेच जनावरांची गर्दी, तिथेच कुंपणासाठी आणि सरपणासाठी बाभळींची तोड. उलट दूरची कुरणं टोळ्यांच्या हल्ल्यांच्या भीतीने पडून होती. म्हणजे जो उपाय सुचवला जातो, त्यानेच रान उजाड झालं.

आणि माणसं? 1990 च्या दशकात संशोधकांनी मुलांची तुलना केली. कळपासोबत राहणाऱ्या मुलांना स्थायिक मुलांपेक्षा कितीतरी जास्त दूध मिळत होतं आणि कुपोषण कमी होतं. दवाखाना आणि शाळा गावात जवळ असतात, हे खरंच आहे. म्हणूनच अनेक कुटुंबं काही मुलांना शाळेत घालतात, काहींना उंटांमागे पाठवतात.